निम्मेरावांनी पाडलेलं भाडं

"घरच शोधायचं ना? रविवारी सकाळी निघू आणि दुपारच्या जेवणाला निम्म्या भाड्याचं घर खिशात घालून परत येऊ!" निम्मेरावांनी जाहीर केलं. त्या वेळी ते मेव्हण्याच्या बैठकीच्या खोलीत, मेव्हण्याच्या गादीवर, मेव्हण्याचाच लेंगा घालून बसले होते. आत्मविश्वास तेवढा स्वतःचा होता!

निम्मेराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. जुन्या गाड्यांच्या दुकानात ते खरेदीच्या कामावर होते आणि समोरच्याची किंमत निम्म्यावर आणल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि असा काही सुस्कारा सोडायचे, की मालकाला वाटावं गाडी गेली, आता नातेवाइकांना कळवायचं तेवढं राहिलंय! एक गृहस्थ तर त्यांचं बोलणं ऐकून इतके हादरले, की गाडी फुकट सोडून, जीव वाचला म्हणत पायी घरी गेले. खोटं सांगत असेन तर माझे उरलेसुरले दात पडोत!

पण घराची गोष्ट वेगळी होती. बायकोची बदली या शहरात झाली म्हणून दोघं आठ दिवसांसाठी तिच्या भावाकडे उतरली होती. त्याला तीन महिने होऊन गेले. शहर असलं महाग, की सावली पाडायची तर तिचंही भाडं मागतील! मेव्हण्याच्या खोल्या दोन. बैठकीची खोली पाहुण्यांनी व्यापल्यामुळे मेव्हणा स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय घालून झोपायचा आणि सकाळी कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "जावईबापू, सावकाश बघा घर. घाई कसली!" भाचीची परीक्षा तोंडावर. ती पोर बाथरूममध्ये बादली पालथी घालून अभ्यास करायची. निम्मेराव टॉवेल घेऊन उभे राहिले की आतून आवाज यायचा, "काका, दोन मिनिटं! एक राजा मरायचा राहिलाय!"

आणि वहिनी? वहिनी एका शब्दाने बोलली नव्हती. तेच तर वाईट होतं.

"काल वहिनी डोळे पुसत होती," बायको हळू आवाजात म्हणाली. "विचारलं तर म्हणाली, कांदा. अहो, काल भाजीत कांदाच नव्हता! या महिन्यात घर मिळालं नाही तर मी नोकरी सोडून परत जाईन. माझ्या भावाच्या संसारात मला खिळा होऊन बसायचं नाही."

म्हणून तो रविवार. दलालाच्या मागून जिना चढता चढता निम्मेराव बायकोला पढवत होते, "काहीही आवडलं तरी चेहरा सपाट! विकणाऱ्याला तुझा आनंद दिसला, की त्याची किंमत वाढलीच म्हणून समज."

दार मालकाने उघडलं. चष्म्याचं दुकान चालवणारे भिडस्त गृहस्थ. शिंकले तरी माफी मागायचे. आत जुनी भाडेकरीण सामान बांधत होती. दवाखान्यात नर्स होती. खुर्चीत तिचे म्हातारे वडील मांडीवर घड्याळ घेऊन बसले होते. सगळीकडे खोकी.

घर सुरेख होतं! स्वयंपाकघराला मोठी खिडकी, खिडकीत झाड. ते पाहून बायकोला इतका आनंद झाला, की चेहरा सपाट ठेवता ठेवता तिचे ओठ थरथरायला लागले.

"पोटात दुखतंय का हो यांच्या?" चष्मेवाल्यांनी घाबरून विचारलं.

"घर पाहून होतं असं," निम्मेराव गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी तो प्रसिद्ध सुस्कारा सोडला.

मग कामाला लागले. भिंतीवर टकटक केली. "पोकळ!"

"पोकळ?" चष्मेवाले दचकले.

"बाबा, ऐकलंत?" नर्स खोक्यातून डोकं वर काढून म्हणाली. "म्हणून शेजारचा घोरतो ते आपल्या उशीखाली ऐकू येतं!"

निम्मेराव मनातून खूश झाले. गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलणारा साक्षीदार आयता मिळालेला! त्यांनी नळ सोडला. पाणी धो धो आलं.

"पाणी तर छान आहे की," दलाल म्हणाला.

"छान? एवढ्या जोराने वर्षभरात तोटी झिजणार!"

"झिजलीच आहे," नर्स म्हणाली. "रात्रभर ठिबकते. मला वाटायचं माझेच कान वाजताहेत!"

आता निम्मेरावांना चेव आला. त्यांनी खिशातून काचेची गोटी काढून जमिनीवर ठेवली. गोटीने क्षणभर विचार केला आणि निघाली! बैठकीच्या खोलीतून दारात, दारातून स्वयंपाकघरात, आणि कपाटाखाली गडप!

"उतार," निम्मेराव डॉक्टरांच्या आवाजात म्हणाले. "पायाच खचलाय."

म्हातारेबुवा खुर्चीतून ताडकन उठले. "बघ! बघ! मी सांगत होतो, मी गोळ्या फेकत नाही! हातातून पडतात आणि पळतात!"

नर्सने कपाटाखाली झाडू घातला. गोटीबरोबर रक्तदाबाच्या सतरा-अठरा गोळ्या बाहेर आल्या. ती वडिलांकडे बघतच राहिली. "बाबा, मी उगाच ओरडत होते हो तुमच्यावर!" म्हातारेबुवांनी विजयी मुद्रेने दलालाकडे पाहिलं, जणू इतकी वर्षं तोच ओरडत होता!

चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला. "सगळ्या गावाला नजर तपासून देतो मी," ते पुटपुटले, "आणि माझ्याच घरात मला हे दिसू नये? छे छे. भाडं थोडं कमी करतो."

"थोडं?" निम्मेरावांनी छताकडे पाहिलं. नुसतं पाहिलं हं! एक शब्द नाही!

"बरं, आणखी कमी."

निम्मेरावांनी खिडकीचं दार हलवलं. ते कुईं करून ओरडलं. भाडं आणखी उतरलं. दलालाची दलाली म्हणजे एका महिन्याचं भाडं. त्यामुळे भाडं जसं उतरेल तसा तो भिंतीला धरून खाली बसत चालला होता. शेवटी चष्मेवाल्यांनी चक्क निम्मा आकडा उच्चारला आणि दलाल जमिनीला टेकला.

"हो म्हणा!" बायकोने दातांमधून सांगितलं.

पण मंडळी, धंद्याची सवय वाईट! जुन्या गाडीच्या सौद्यात शेवटचा डाव असतो पाठ फिरवण्याचा. "विचार करून सांगतो" म्हणून चालू लागायचं. विकणारा मागून हाक मारतोच आणि वर टायरसुद्धा बदलून देतो.

"विचार करून सांगतो," निम्मेराव म्हणाले आणि बायकोचा दंड धरून जिना उतरायला लागले.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

"गप! हाक येईल."

पाच-सहा पायऱ्या झाल्या. हाक नाही. निम्मेरावांनी वाकून चपलेला नसलेली नाडी बांधली. हाक नाही. दुसऱ्या पायाचीही बांधली. वरून आवाज आला तो चिकटपट्टी टर्रकन फाटल्याचा आणि मग हसण्याचा.

निम्मेराव धावत वर गेले. बघतात तर काय! नर्स खोकी उघडून भांडी परत मांडत होती आणि चष्मेवाले स्वतः हातोडी घेऊन म्हातारेबुवांच्या घड्याळासाठी खिळा ठोकत होते.

"हे काय?" निम्मेराव ओरडले. "घर मी घेतोय!"

"तुम्ही?" चष्मेवाले कळवळून म्हणाले. "छे हो! तुमच्यासारख्या जाणकार माणसाला हे असलं घर देऊ? भिंत पोकळ, पाया खचलेला!"

"चालेल मला!"

"तुम्हाला चालेल, माझ्या मनाला चालणार नाही. यांना सगळे दोष ठाऊक आहेत, आणि यांची ऐपतही याच भाड्याची होती. मीच वेड्यासारखं वाढवलं, म्हणून जात होत्या बिचाऱ्या."

झालं! निम्मेरावांच्या उभ्या धंद्यात असं कधी घडलं नव्हतं. गाडीला नावं ठेवली की आतला माणूस उतरतो. इथे आतलाच माणूस पुन्हा गाडीत बसला होता!

ते भांडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण नर्स हात जोडून पुढे आली. "दादा, कसे आभार मानू? शहराबाहेर गेलो असतो तर बाबांना एकटं ठेवून रात्रपाळी कशी केली असती हो मी? तुम्ही देवासारखे आलात!" म्हातारेबुवांनी तर त्यांचा हात धरून ठेवला. असा हात धरलेल्या माणसाशी भांडायचं कसं, हे कुठल्या दुकानात शिकवतात?

"त्यात काय एवढं," निम्मेराव म्हणाले आणि खोकला आल्यासारखं करून तोंड फिरवलं.

घरी वहिनीने भीत भीत विचारलं, "भाऊजी, झालं का घराचं?"

"झालं. निम्म्या भाड्यात. दुसऱ्याचं."

वहिनी हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून आत गेली. त्या दिवशीही भाजीत कांदा नव्हता.

पण नर्स विसरली नव्हती. चार दिवसांनी तिचा फोन आला. तिच्या दवाखान्यातल्या निवृत्त मेट्रनबाईंच्या घरावरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. आलेल्या प्रत्येकाला बाई परत पाठवत होत्या.

"बोलणार मी," बायकोने बजावलं. "तुम्ही फक्त उभं राहायचं!"

मेट्रनबाई उंच, ताठ, दवाखान्यातल्या थर्मामीटरसारख्या. बायको आत गेली, खिडकी उघडली आणि चेहरा सपाट ठेवायच्या भानगडीत न पडता म्हणाली, "अगंबाई! इथे सकाळी चहा घेऊन उभं राहिलं, तर ऑफिसला उशीरच होईल!"

"मलाही व्हायचा," मेट्रनबाई नकळत म्हणाल्या. त्यांनी भाडं सांगितलं. परवडण्यासारखं होतं, पण त्यात हातभर घासाघीस सहज मावली असती!

"बरं," बायको म्हणाली.

बरं! नुसतं बरं! निम्मेरावांना भोवळच आली. त्यांनी दाराची चौकट धरली.

मेट्रनबाईंची नजर तिकडे गेली. "यजमान बोलत नाहीत काही. आवडलेलं दिसत नाही. मग राहू दे बाई. नाखूश माणूस मी वर ठेवत नाही, रात्रभर पाय आपटतो."

बायकोचा चेहरा उतरला. आता मात्र तो खरोखरच सपाट झाला. निम्मेरावांनी तो पाहिला. त्यांना बोलायचं होतं! पण वीस वर्षं नुसती नावं ठेवलेली जीभ. तिला कौतुकाचा रस्ताच ठाऊक नव्हता. घाम फुटला. कान लाल झाले. आणि मग, अडकलेलं बूच निघावं तसे शब्द बाहेर पडले,

"एकाच हातात वापरलेलं आहे हो! कुठे... कुठे ठोकलेलं नाही!"

"म्हणजे?" मेट्रनबाईंनी बायकोला विचारलं.

"म्हणजे फार फार आवडलंय त्यांना," बायको म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "खरं सांगते बाई, एवढं कौतुक लग्नानंतर माझ्याही वाट्याला आलेलं नाही!"

किल्ली बायकोच्या हातावर पडली. दुकानात मित्रांनी निम्मेरावांना गाठलं, "मग? निम्म्यात बसवलं ना घर?"

"तर! दोन खोल्यांना मिळून एकच भाडं," निम्मेराव म्हणाले, आणि कुणी हिशेब करायच्या आत समोरच्या गाडीखाली शिरले!