सुपडू मास्तरांची ठेवणी

सुपडू मास्तर लग्नाला गेले तरी त्यांच्या कमरेला खुरपं असायचं. परीटघडीचं धोतर, काळा कोट, डोक्याला टोपी आणि कोटाच्या आत डाव्या बाजूला चामड्याच्या म्यानात ते. पंगतीला बसताना म्यान सोडून पानाशेजारी ठेवत. एका लग्नात मुलीच्या आजीला जरा कमी दिसत होतं. तिने नवरदेवाच्या हातातली कट्यार पाहिली, मास्तरांच्या कमरेचं म्यान पाहिलं आणि शेजारणीला विचारलं, "बाई, यातला आपला कोणता?"

त्याला खुरपं म्हटलेलं मात्र मास्तरांना खपत नसे. "ठेवणी म्हणा, चौधरी," ते मला सांगत. "खणायला काय, उंदीरही खणतो. माती होती तशी परत ठेवता आली पाहिजे."

आम्ही दोघं बुऱ्हाणपूरच्या एकाच शाळेत. मी मराठी शिकवायचो, ते चित्रकला. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. दोन्ही मुली जळगावकडे दिलेल्या, घरात ते आणि वहिनी. स्वभावाने गरीब, पण रस्त्यात कुणी खड्डा खणून तसाच सोडलेला दिसला की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी भरल्या ताटावरून उठून गेलंय. नगरपालिकेचे मजूर नळासाठी खणत असले की हे तिथे जाऊन उभे. शेवटी मजूरच म्हणायचे, "मास्टरजी, आप घर जाओ, हम भर देंगे."

या ठेवणीचं मूळ एका रेडिओत आहे. म्हणजे रेडिओ नव्हताच तो. दुसरी मोठी लढाई संपल्यावर फौजेचं सामान लिलावात निघायचं. मास्तरांचे मेहुणे जबलपूरला होते. त्यांनी एक पेटी, कानाला लावायचे भोंगे आणि लांब दांड्याला जोडलेली एक ताटाएवढी चकती, एवढं सगळं रेडिओ समजून बहिणीसाठी उचललं. वहिनींनी पेटीवर विणलेला रुमाल घातला. संध्याकाळी आळीतली मंडळी गाणी ऐकायला जमली. मास्तरांनी भोंगे कानाला लावले. नुसती घूं घूं. तेवढ्यात वहिनी पितळेची कळशी घेऊन चकतीजवळून गेल्या आणि मास्तर "अगं आई गं!" करून ताडकन उठले. कानात केवढी तरी किंचाळी घुमली होती. वहिनींना कळशीसकट चार वेळा मागे-पुढे चालवल्यावर उलगडा झाला. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचं ते फौजेचं यंत्र होतं.

गाणी गेली, पण मास्तरांना नाद लागला. रविवार आला की पेटी पाठीला, भोंगे कानाला, चकती पुढे करून ते तापीच्या काठाने निघत. गावाला वाटलं, मास्तर आता मोगलांचा खजिना काढणार. बुऱ्हाणपुरात प्रत्येकाच्या पायाखाली खजिना आहे, असं प्रत्येकाला वाटतंच. मास्तर काढत ते मात्र खिळे, घोड्याची नाल, विणकराच्या धोट्याचं लोखंडी टोक, कुणाच्या तरी तांब्याचं बूड. आमचे हेडमास्तर एकदा खवचटपणे म्हणाले, "सोनं कधी काढता?"

"सोनं निघालं तर सरकारचं," मास्तर म्हणाले. "खिळा माझा राहतो."

निघालेल्या वस्तूचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. जीव अडकला होता तो खणण्याच्या हत्यारात. पहिलं हत्यार म्हणजे वहिनींचं उलथणं. ते वाकलं, आणि त्या दिवशी घरात पोळ्या झाल्या नाहीत. मग सायकलच्या मडगार्डचं एक करून पाहिलं, ते दुमडलं. मग मास्तर कागद घेऊन बसले. वर्षभर त्यांना दुसरं काही सुचलं नाही. त्यामुळे त्यांच्या वर्गालाही सुचलं नाही. तपासणीला इन्स्पेक्टर आले. चित्रकलेच्या वह्यांत पोपट, आंबा, कळस असं काही असेल म्हणून चाळू लागले, तर पहिल्या वहीत खुरपं, दुसऱ्या वहीत खुरपं, तिसऱ्या वहीत तेच, फक्त आडवं.

"हे काय आहे?" त्यांनी पहिल्या बाकावर विचारलं.

"बाजूने दिसतं तसं, सर," बाकावरून उत्तर आलं.

शेवटी ट्रकच्या कमानीचं एक पातं पैदा करून मास्तर लोहाराकडे गेले. पातं वितीपेक्षा थोडं लांब, पन्हाळीसारखं किंचित खोलगट हवं. एका कडेला करवतीचे दात, मुळं कापायला. दुसरी कड नुसती धारेची. टोक मात्र गोल आणि बोथट, कारण अणकुचीदार टोकाने खालच्या वस्तूला ओरखडा जातो. मूठ बाभळीची, तिच्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर. लोहाराने तीनदा तापवून तीनदा ठोकलं, तरी मास्तर "थोडं और, मियाँ," म्हणत राहिले. लोहार घाम पुसत म्हणाला, "मास्टरजी, इससे खोदोगे कि इसकी पूजा करोगे?"

ती ठेवणी चालताना मी पाहिली आहे. ज्या जागी आवाज यायचा तिथे मास्तर गुडघे टेकत. गवत तीन बाजूंनी कापत, चौथी बाजू तशीच ठेवत, आणि मातीचं झाकण डब्याच्या झाकणासारखं उघडत. आतली माती रुमालावर काढत. वस्तू बघितली की माती परत आत, झाकण बंद, वरून तळव्याने दाब. उठून उभे राहिले की खणलं कुठे ते मला सापडत नसे. "बोट ठेवून दाखवा," ते मला म्हणत. मी बोट ठेवी, ते दरवेळी चुकीच्या जागी. तेव्हा मास्तर लहान मुलासारखे हसत.

ते दिवस राज्यांच्या वाटणीचे होते. आपण मराठी माणसं मुंबईकडे जाणार की भोपाळकडे, यावर पानाच्या ठेल्यावर रोज भांडणं होत. अशात कानाला भोंगे लावलेला, दांडा फिरवत चाललेला, कोट घातलेला माणूस दिसला की लोकांना वाटे, सरकार हद्द आखायला आलं. एका शेतकऱ्याने मास्तरांना बांधावरच गाठलं. "साहेब, आम्ही कोणाकडे जाऊन राह्यलो?"

मास्तरांच्या कानात भोंगे. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "इथं काहीच नाही. पुढं बघतो."

त्या गावात ही बातमी पुढे आठवडाभर चालली.

असं सगळं हसतखेळत चाललं असताना बुऱ्हाणपूरजवळच्या शाहपूरहून माझ्या मामांचा निरोप आला. भागवतमामांचा केळीचा मळा होता. त्यांच्या सुनेच्या मंगळसूत्राची एक वाटी मळ्यात पडली होती, घरात अन्नपाणी गोड लागत नव्हतं. तुझ्या त्या मास्तरांना घेऊन ये, म्हणाले. आम्ही रविवारी सकाळच्या बसने निघालो. कंडक्टरने पेटीकडे बघून मास्तरांना मागच्या बाकावर, सगळ्यांपासून लांब बसवलं.

वाटी तासाभरात सापडली, पाणी धरायच्या दांडात, चिखलाखाली. सुनेने डोळ्यांना पदर लावला. मामींनी मास्तरांना गूळ-पाणी दिलं. मामा तर भलतेच खूश. तोवर आजूबाजूच्या मळ्यांतली माणसंही जमली होती. मामा म्हणाले, "मास्तर, यंत्र चालूच आहे तर त्या बांधाकडूनही फिरवून घ्या ना. आमच्या आज्याच्या वेळचं काही असलं तर कळेल."

मास्तरांना ते फारसं रुचलं नाही, पण यजमानाला नाही कसं म्हणणार. बांधाच्या कोपऱ्यात एक जुना निंब होता. त्याच्या पलीकडे आवाज आला. मास्तर गुडघ्यांवर बसले. मी त्यांच्या खांद्याशीच होतो, बाकीचे दहा-पंधरा पावलं मागे. इथे त्यांना बरंच खोल जावं लागलं. मग हात थांबला.

ठेवणीच्या पात्यावर मातीत रुतलेला एक वाळा होता. चांदीचा, काळा पडलेला. तान्ह्या बाळाच्या पायातला, माझी दोन बोटं जेमतेम त्यात गेली असती.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पातं तसंच सावकाश खाली नेलं, वाळा होता त्या जागी ठेवला आणि वर माती लोटली. मी कधी पाहिलं नव्हतं इतक्या हळू. झाकण बसवलं, गवत सारखं केलं आणि ते तिथेच बसून राहिले.

"काय निघालं?" मामा पुढे आले.

"खिळा."

"दाखवा की."

"परत टाकला."

मागची माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणीतरी हसलं. मामांचा आवाज बदलला. "मास्तर, वाटी काढून दिलीत, उपकार झाले. पण मळा माझा आहे. माझ्या मळ्यात काय आहे ते मले कळायला नको? ए, कुदळ आण रे."

मळ्यातला सालदार गडी कुदळ आणायला वळला. मास्तर उभे राहिले, ते नेमके त्या जागेच्या अलीकडे, मामांच्या समोर. एक खिळा सापडला तर दोन सांगणारा हा माणूस नव्हता. ते काय बोलणार ते मला कळेना.

"कुदळ नको," मास्तर म्हणाले. "हे यंत्र कशाचं आहे ठाऊक आहे ना? सुरुंग शोधायचं. खाली बाँब आहे. खिळा म्हटलं ते तुम्ही घाबरू नये म्हणून."

सगळे एकदम चार पावलं मागे. मामा मात्र जागचे हलले नाहीत. "शाहपुरात बाँब? इथं कोण टाकून राह्यलं बाँब?"

"लढाईच्या वेळी फौजेच्या गाड्या जायच्या. पडला असेल एखादा. नुसता पडून राहू दिला तर शंभर वर्षं काही करत नाही. कुदळ, नांगर, काही लावायचं नाही."

"मग पोलिसांत कळवतो."

"कळवा. ते सगळा मळा खणतील. केळी उभी राहणार नाही एक."

मामांनी मळ्याकडे पाहिलं. घड ऐन भरात होते. "राहू द्या," ते म्हणाले. "पडून राहू द्या." आणि माणसांना घेऊन घराकडे निघाले. वाटेत कुणीतरी हळूच म्हटलेलं मला ऐकू आलं, "मास्तर रात्री येऊन काढून नेतील, बघा."

मास्तरांनाही ते ऐकू आलं असणार. ते पेटीचे पट्टे सोडत होते.

मी निंबाखाली बसलो. तेवढ्यात मामी एकट्याच चहा घेऊन आल्या. त्यांनी कप दिले, परत गेल्या नाहीत. पदर तोंडाशी धरून त्या मास्तरांना म्हणाल्या, "मास्तर, बाँब नाही ना तो?"

मास्तरांनी कप गवतात ठेवला.

"माझं पहिलं होतं," मामी म्हणाल्या. "बारसंही झालं नव्हतं. हे तेव्हा नाशकाकडे होते. सासरे एकटेच घेऊन आले मळ्यात. कुठं ठेवलं ते मले कधी सांगलं नाही. बाईमाणसानं विचारायचं नसतं म्हणले. मरताना विचारलं, तरी नाही सांगलं." मग त्यांनी विचारलं, "पायात वाळा आहे ना? सासरे काढून राह्यले होते. मी काढू दिला नाही."

"आहे," मास्तर म्हणाले. आणि मग, आपलं काम दाखवताना ते बोलत त्याच आवाजात, पण फार हळू, "खोल आहे. नीट आहे. पाण्याने उघडं पडायचं नाही. मी धक्का लागू दिलेला नाही. इथं, या दगडापासून एक हात निंबाकडे."

मामींनी त्या जागेकडे पाहिलं. तिथे नुसतं गवत होतं. त्या खाली बसल्या आणि तळवा टेकला. मास्तर कप हातात घेऊन बांधापलीकडे गेले आणि पाठ करून उभे राहिले. मीही त्यांच्यामागे गेलो.

बसची वाट बघताना मी म्हटलं, "मास्तर, मामांना खरं सांगायला काय हरकत होती?"

"एवढ्या माणसांसमोर?" ते म्हणाले. मग म्हणाले, "चौधरी, माझ्या आधीचं एकही भावंड जगलं नाही. म्हणून मी झाल्यावर मला सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. असं फालतू नाव ऐकून तरी यमाने बघू नये म्हणून. मी जगलो. पण आई शेतात गेली की चालता चालता मधेच थांबायची, खाली बघायची. मी विचारायचो, काय हरवलं? ती म्हणायची, काही नाही, चल."

बस आली. पेटी बघून कंडक्टर कुरकुरला. मास्तर आपणहून मागच्या बाकावर जाऊन बसले.

शाहपूरची गोष्ट आमच्या आधी बुऱ्हाणपुरात पोचली होती. शाळेत त्यांचं नाव बाँबवाले मास्तर पडलं. काही जण म्हणत, म्हातारा भ्रमिष्ट झाला. काही म्हणत, हंडा सापडला, दाबून बसलाय. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय मास्तर, हंड्याचं काय केलंत?" मला राहवेना, मी तोंड उघडलं. मास्तरांनी टेबलाखालून माझा हात दाबला आणि स्वतःच सगळ्यांबरोबर हसले. त्यानंतर त्यांना कुणी काही शोधायला बोलावलं नाही. त्यांनीही यंत्र परत बाहेर काढलं नाही.

मास्तर गेल्यावर काही वर्षांनी मी शाहपूरला गेलो होतो. मळ्यात नवा सालदार होता. मला निंबाकडे वळलेलं बघून तो ओरडला, "दादा, तिकडं नका जाऊ! बाँब आहे तिथं. मालक नांगरही घालू देत नाहीत." मी पुढे पाहिलं. मामी तिथेच बसल्या होत्या, भाकरीचं फडकं सोडून. सालदार मला हळूच म्हणाला, "म्हातारीले किती सांगलं, ऐकतच नाही. रोज तिथंच जेवते."

मामींनी मला पाहिलं, जरा सरकून गवतात जागा केली आणि अर्धी भाकरी पुढे धरली.