गावंडे सिस्टरच्या रंगपेटीत

आमच्या गल्लीतल्या प्रत्येक माणसाला एक रंग आहे, आणि तो गावंडे सिस्टरनी दिलेला आहे. मी हिरवा. गेली कित्येक वर्षं हिरवाच. आता मी शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो, म्हणजे रंगांचा धंदा खरा माझा. पण त्या बाईंपुढे माझं काही चालत नाही.

त्याचं असं आहे. अमरावतीत सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत सिस्टरची अख्खी नोकरी गेली. तिथे कधीतरी एक ट्रेनिंग झालं. मोठा अपघात झाला, एकदम ढीगभर पेशंट आले, तर आधी कोणाला पाहायचं? जीव धोक्यात तो लाल, थोडा थांबू शकतो तो पिवळा, खरचटलंय तो हिरवा, आणि ज्याच्यासाठी आता काही करता येत नाही तो काळा. बाकीच्या सिस्टर समोसा खाऊन ट्रेनिंग विसरल्या. गावंडे सिस्टर ते घरी घेऊन आल्या, आणि वर स्वतःचा एक कायदा बसवला.

"बोंबलते तो हिरवा. ज्याच्या अंगात बोंबलाले ताकद हाय, त्याले काही होत नाही. चूप बसला त्याले पाहा आधी."

दवाखान्यात नवीन लागलेल्या कंत्राटी पोरींनाही त्यांनी म्हणे हेच घोटून घोटून शिकवलं. शिकवू द्या. पण या कायद्याने माझ्यासारख्या माणसाची काय गत होते, ते कोणी पाहत नाही. मला दुखलं की मी ओरडतो. देवाने गळा दिलाय कशाला?

मला मुतखडा झाला तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ, मी ओसरीवर गडाबडा लोळत होतो. माझा आवाज बडनेऱ्यापर्यंत गेला असं लोक सांगतात, मी नाही सांगत. सिस्टर ड्यूटीवर निघाल्या होत्या, त्या आत शिरल्या. मला वाटलं, चला, सुटलो. बाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली, "हिरवा" म्हणाल्या, आणि मला ओलांडून, अक्षरशः ओलांडून, माझ्या बायकोकडे गेल्या. सुमन दाराला टेकून गप उभी होती.

"काहून वं, अशी पांढरी काहून पडली? बस खाली."

पर्समधून बीपीचं मशीन निघालं. सुमनचं बीपी भलतंच वाढलेलं होतं. "ही पिवळी," असं म्हणून सिस्टरनी आमचा टेबलफॅन माझ्यावरून काढून तिच्याकडे फिरवला.

"अहो, मला कोणी पाहणार की नाही?" मी ओरडलो.

"तुम्ही ओरडत राहा मास्तर. म्हंजे मले समजत राहीन का तुम्ही जिते हा."

दुखणं माझं, आणि त्या दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या बायकोच्या! मला सगळ्यांत शेवटी ऑटोत घालून पाठवलं. तो खडा यथावकाश पडला, पण राग काही पडला नाही.

सिस्टरचं दुसरं वेड म्हणजे पुरावा. कॅज्युअल्टीत मारामाऱ्या, विषबाधा, भाजलेले, सगळ्या पोलीस केसेस. त्यामुळे 'हात लावू नका, पुरावा हाय' हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं. गल्लीतल्या पोरांच्या बॉलने खिडकीची काच फुटली की त्या आतूनच गरजायच्या, "काच हलवू नका! कोणत्या बाजूनं आला ते पाहू द्या!" मग तुकडे कुठे पडले ते वाकून बघायच्या आणि नेमक्या पोराचा कान धरायच्या. एकदा आमच्याकडे दुधावरची साय गेली. सुमनने मांजरावर आळ घेतला. सिस्टरनी संध्याकाळपर्यंत पातेलं धुऊ दिलं नाही. ड्यूटीवरून आल्या, पातेलं पाहिलं, मग मला पाहिलं आणि निकाल दिला, "मांजरीले मिशी असते, बरोबर हाय. पण साय मास्तरच्या मिशीले लागली हाय."

पुराव्यानिशी अपमान.

समोरच्या शेळक्यांच्या पोराचं लग्न अकोटला होतं. आम्ही सगळे एसटीने निघालो. अंजनगावच्या पुढे बैल आडवा आला, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि सगळ्या बसची डोकी पुढच्या दांड्यावर आपटली. हलकल्लोळ! कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून साऱ्या पुढाऱ्यांची नावं घेत होते. मीही माझ्या परीने ओरडत होतो. सिस्टर आम्हा सगळ्यांना हिरवे हिरवे म्हणत मागे गेल्या, ते खिडकीशी पोटावर हात धरून गप बसलेल्या एका म्हाताऱ्याजवळ जाऊन थांबल्या. "हा लाल."

ॲम्ब्युलन्स आली, पण आपल्याकडे येते तशी आली. एकीला ड्रायव्हर नव्हता, दुसरीला टायर नव्हता, म्हणून तिसरी लांबून आली. ती येताच पांढरे कपडे आधी चढून बसले. सिस्टरनी त्यांना दंडाला धरून उतरवलं.

"मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"हिरवे हा. सांगतलं ना मंघाशी."

म्हातारा वाचला. लग्नात सिस्टरनी बुंदी दोनदा घेतली, आणि पांढरे कपडे मुलीकडचे निघाले.

गेल्या वर्षी त्या रिटायर झाल्या. दवाखान्याने शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि त्यांच्या जागी कोणालाच दिलं नाही. घरात त्या एकट्याच. मुलगी नांदेडला दिलेली. भिंतीवर गावंडेसाहेबांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. हार्टने गेले, एवढंच गल्लीला माहीत. सिस्टर त्यावर कधी बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत असा दुसरा विषय मला तरी आठवत नाही.

या मे महिन्यातली दुपार. कूलर घरघरत होता, मी आडवा झालो होतो. पोरं उन्हात क्रिकेट खेळत होती. खळ्ळकन आवाज आला. सिस्टरची खिडकी! मी उशीवरून कान टवकारले. आता येणार, 'काच हलवू नका' येणार. काही आलं नाही. पोरं काचेवरून चालत गेली, बॉल उचलला, पुन्हा खेळायला लागली. मी म्हटलं, बरं झालं, बाई सुधारली, आणि कूस बदलली.

पण झोप येईना. काच फुटली, पुरावा तुडवला, आणि सिस्टर चूप?

मी तसाच अनवाणी धावलो. सिमेंटचा रस्ता तव्यासारखा तापलेला. दार उघडंच होतं. सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या, घामाने निथळत, डावा हात उजव्या हाताने धरून.

"गॅस झाला," त्या इतक्या हळू बोलल्या की मला वाकावं लागलं. "हिरवी हाय मी. जा तुम्ही."

"हिरवी असता तर मला शिव्या घातल्या असत्या!" मी म्हटलं, आणि दारात येऊन जो ओरडलो, तसा मुतखड्याच्या वेळीही ओरडलो नव्हतो. शेळके बनियनवरच गाडी घेऊन आले.

गाडीत त्यांनी डोळे मिटले. मी म्हटलं, सिस्टर, बोलत राहा, काहीही बोला, माझा अपमान करा. तेव्हा थांबत थांबत त्या म्हणाल्या, "आमचे हे... असेच आले होते. माही ड्यूटी होती. ट्रॅक्टर पलटला होता, सारे बोंबलून राहिले होते. हे बाकावर बसले. मले वाटलं, डबा घेऊन आले. मी हातानंच सांगतलं, बसा. ते बसले." त्यांनी डावा हात आणखी घट्ट धरला. "मी मोकळी झाली, तं ते बसलेलेच होते मास्तर."

शेळके डोळे पुसत गाडी चालवत होते.

कॅज्युअल्टीत कुठल्याशा भांडणातली माणसं आणि त्यांचे नातेवाईक, नुसता गलका. डॉक्टर एक, सिस्टर एक, मामे-काके पन्नास. शेळके गाडी लावायला गेले आणि मी स्ट्रेचर शोधायला वळलो, तेवढ्यात या बाई सवयीने जाऊन भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. "लालवाल्याले जाऊ द्या आधी," म्हणाल्या. तोच बाक आहे का, हे विचारायची हिंमत नव्हती. मी होता नव्हता तेवढा गळा काढला, "अहो, इकडे या! कोणी आहे का?"

एक पोरसवदा सिस्टर गर्दीतून वाट काढत आली. मी हात जोडून काही सांगणार, तोच तिने मला एका नजरेत जोखलं.

"काका, तुम्ही हिरवे. सरका बाजूले."

आणि मला ओलांडून ती थेट बाकावर गप बसलेल्या बाईपुढे गुडघ्यावर बसली. नाडी धरली, चेहरा वर केला, आणि मग किंचाळली, "अगं बाई, मॅडम! डॉक्टर, लाल!"

आयुष्यात पहिल्यांदा हिरवा म्हटल्यावर मी रडलो. भर कॅज्युअल्टीत, मोठ्याने. कोणी लक्ष दिलं नाही, आणि ते योग्यच होतं.

स्ट्रेचर आलं, तोंडाला ऑक्सिजन लागला. "शीर नीट पाह्य वं," असं त्या पोरीला मास्कच्या आतून ऐकवून झालं. आत नेताना सिस्टरनी मास्क बाजूला केला आणि मला बोटाने जवळ बोलावलं. मला वाटलं, मुलीला निरोप असेल.

"मास्तर, बाकावर त्या टोकाले एक बाई बसली हाय. कवाची चूप हाय ती. तिले पाहा."

दार लागलं. मी वळून पाहिलं. खरंच एक बाई बसली होती, पदराची गाठ मुठीत धरून. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि मला जमेल तितक्या हळू आवाजात विचारलं, "काय होते, माय?"