खिडकी क्रमांक चारचे दात

प्रगती रस्त्यांवरून ओळखावी की शाळांवरून, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पाणीपुरवठा कार्यालयात मात्र ती दातांवरून ओळखावी, असे एकमताने ठरले. झाले असे, की सहा महिन्यांत पाण्याच्या तक्रारी दुप्पट झाल्या आणि चौकशी समिती नेमावी लागली. समितीने नळ पाहिले नाहीत (नळ तिच्या कक्षेत येत नव्हते). तिने तक्रार खिडक्या पाहिल्या आणि निष्कर्ष काढला, की पाणी येत नाही याचे लोकांना फारसे दुःख नाही. पिवळ्या दातांचा माणूस ते ऐकून घेतो, याचे आहे. शंभरातल्या त्र्याहत्तर जणांचे असे म्हणणे पडले. उरलेल्या सत्तावीस जणांनी पाणीच मागितले, तेव्हा त्यांची उत्तरे विषयाला सोडून असल्यामुळे बाद धरण्यात आली.

मग स्मितसुधार परिपत्रक निघाले. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याच्या दातांची छटा एक (म्हणजे सर्वांत पांढरी) ते तीन यांपैकी असावी, आणि ती तपासणी करून ठरवली जाईल. चार ते सोळा छटांचे कर्मचारी तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसतील, कारण तिथे हसण्याचा प्रसंग येत नाही. सोबत दंतवैद्यांकडे असते तसले छटांचे कार्ड जोडले होते. मूळ कार्ड रंगीत होते, पण कार्यालयाकडे रंगीत छपाईची सोय नसल्याने त्याची झेरॉक्स काढली होती, तीही गोदामात तीन वर्षे पडून तांबूस झालेल्या कागदावर.

खिडकी क्रमांक चारवर एकोणीस वर्षे बसणाऱ्या गृहस्थांना सगळे 'चारनंबर' म्हणत. त्यांची सासूसुद्धा. परिपत्रक वाचून त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. त्यांचा त्या खिडकीवर जीव होता. कुणाच्या मुलीची परीक्षा कधी आहे, कुणाचा गुडघा दुखतो, हे त्यांना नळाच्या जोडणी क्रमांकासकट पाठ होते. तळघरात माणसेच नव्हती, नुसत्या फायली होत्या आणि त्यांना गुडघे नव्हते.

अडचण दातांची होती. शाळेत असताना एका मावसभावाने 'दात आहेत की मक्याचे दाणे?' असे विचारले होते. तेव्हापासून हसू आले की त्यांचा उजवा हात आपोआप तोंडावर जाई. समोरच्याला वाटे, साहेबांना जांभई आली. तपासणीच्या आधी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि दंतवैद्यबाई गाठल्या.

"हसून दाखवा," बाई म्हणाल्या.

"त्याची गरज आहे का?"

"मग मी पांढरं काय करू?"

दोन बैठका झाल्या. गार पाणी प्यायले की झिणझिण्या मस्तकापर्यंत जात, पण आरशातले दात स्वच्छ पांढरे होते. संध्याकाळी ते हात खाली ठेवून हसले, तशी बायकोच्या हातातला टॉवेल गळून पडला.

"अहो, तुमच्या गालाला खळी पडते! बावीस वर्षं झाली लग्नाला. कुठं ठेवली होती?"

"हाताखाली," ते म्हणाले. तेही खरेच होते. त्या संध्याकाळी ते विनाकारण सात वेळा हसले, आणि त्यांना फार बरे वाटले.

तपासणीला तिघे होते. अध्यक्षबाई, कार्ड धरणारे साहेब आणि टॉर्च धरणारे साहेब. कार्ड चारनंबरांच्या ओठांशी नेले, सोळाही छटा लावून पाहिल्या.

"जुळत नाही," कार्डवाले साहेब म्हणाले.

"मॅडम, एकपेक्षा पांढरे झालेत," टॉर्चवाले साहेब म्हणाले.

"एकपेक्षा पांढरं काही नसतं. असतं तर कार्डावर नसतं का?"

खिडकी क्रमांक पाचचे कर्मचारी छटा एकशी तंतोतंत जुळले. ब्रशशी त्यांचे पूर्वीपासून फारसे जमत नसे. त्यांचे टाळ्या वाजवून अभिनंदन झाले. चारनंबरांनी भीतभीत सुचवले, की कागदच तांबूस आहे.

"कागद कार्यालयाचा आहे, दात तुमचे आहेत," अध्यक्षबाई समजुतीने म्हणाल्या. "जुळवून कुणी घ्यायचं?"

शेरा पडला : 'दात आढळले. छटा आढळली नाही. पंधरा दिवसांत पूर्तता करावी, अन्यथा तळघर.'

पूर्ततेसाठी कार्यालयाने हात आखडता घेतला नाही. चारनंबरांना रोज अकरा कप काळा चहा मंजूर झाला (साखरेशिवाय, कारण साखरेचा छटेवर परिणाम सिद्ध झालेला नाही). प्रत्येक घोट अर्धा मिनिट तोंडात धरायचा, अशी लेखी सूचना होती. दंतवैद्यबाईंना फोनवर हे सांगितले, तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावले. घरी बायकोने मात्र स्पष्ट बजावले.

"दात पिवळे करा, नाहीतर हिरवे करा. पण खळी परत हाताखाली गेली ना, तर मी स्वतः येऊन खिडकीवर तक्रार करीन."

पंधराव्या दिवशी छटा क्रमांक दोन भरली. खिडकी राहिली. पहिलाच तक्रारदार पुढे आला, चारनंबरांना त्याला बघून आनंद झाला आणि हात सवयीने वर निघाला. निम्म्या वाटेवर त्यांना बायको आठवली. त्यांनी त्या हाताने कान खाजवला आणि दात, खळी, सगळे उघडे टाकून मनापासून हसले. तक्रारदारही हसला. आपण कशासाठी आलो, हे त्याला जिना उतरल्यावर आठवले.

परिपत्रक यशस्वी झाले, हे आता समितीही मान्य करते. खिडकी क्रमांक चारवर समाधानाचे प्रमाण शंभरात शहाण्णव आहे. पाणी पूर्वीइतकेच येते, म्हणजे येत नाही. गेल्या मंगळवारी तुम्हीही आला होतात. घरी आठ दिवस थेंब नाही, आज सोक्षमोक्षच लावतो, असे रांगेत मागच्याला सांगत होतात. चारनंबरांनी हसून तुमच्या आईची तब्येत विचारली. तुम्ही 'समाधानकारक' या चौकटीत खूण केलीत, त्यांना वर धन्यवाद दिलेत आणि घरी गेलात. अर्ज फायलीला लावला आहे. त्यात तक्रारीचा रकाना कोरा आहे आणि खाली सही तुमची आहे.