चारशे अठरा सायटेशन आणि एक बकरी

संशोधन शोधायला पैसे मोजणाऱ्या माणसाची मला कीव येते. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत यायची! नागपुरातल्या आमच्या रामदासपेठेच्या कॉलेजच्या ग्रंथालय समितीत मी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, "समाजशास्त्राचा तो खास डेटाबेस बंद करा. फुकटचं सर्च इंजिन एका सेकंदात लाखभर लेख दाखवतं!" ग्रंथपाल सुमतीताईंनी ते वहीत टिपून घेतलं. वर्गणी मार्चपर्यंत भरलेली होती, म्हणून डेटाबेस वाचला. मीही त्याच्यामुळेच वाचलो!

झालं असं, की नऊ वर्षं वाट पाहून माझी, म्हणजे प्रशिक मेश्रामची, असोसिएट प्रोफेसर व्हायची पाळी आली. अर्जात सायटेशन लिहायची होती. म्हणजे आपल्या लेखाचा आधार इतरांनी किती वेळा घेतला, तो आकडा. मी उमरेडच्या विणकर कुटुंबांवर तीन लेख लिहिलेत. फुकटच्या इंजिनवर माझं पान उघडलं आणि आकडा दिसला, चारशे अठरा!

शहाणा माणूस अशा वेळी खालची लेखांची यादी वाचतो. मी आरशात पाहिलं, भांग नीट केला आणि प्राचार्यांना फोन लावला. तासाभरात माझा फोटो नोटीस बोर्डावर! बायकोनं, मोनालीनं, त्या पानाची लिंक कोराडीला तिच्या बाबांना पाठवली. सासरे आनंदराव वीज केंद्रातून रिटायर झालेले, हाताशी वेळच वेळ. त्यांनी यादी वाचली. सगळी!

अर्जाची मुदत शुक्रवारी पाचची. आकड्याखाली ग्रंथपालाची सही लागते, म्हणून तीन वाजता मी सुमतीताईंसमोर उभा.

"आधी डेटाबेसमध्ये पाहून घेते, सर."

"काहून? समोर दिसून राहिलं न!"

"फुकटवाल्यात मशीन नावं जुळवते. इथं माणसं तपासतात, अन् दर लेखकाले वेगळा नंबर असते."

डेटाबेस म्हणाला, लेख तीन, सायटेशन दोन.

"दोनच?" माझा आवाज फाटला.

"दोन्ही तुमचीच आहेत, सर. दुसऱ्या लेखात पहिल्याचा आधार, तिसऱ्यात दुसऱ्याचा." मग त्यांनी फुकटवाली यादी उघडली. "अन् हे काय? 'शेळ्यांच्या आतड्यांतील जंत'. हे तुम्ही लिहिलं?"

मी खरोखर आठवायला लागलो! पण तो कुणी दुसराच पी. मेश्राम होता. नागपुरात पी. मेश्राम शोधणं म्हणजे कळमन्याच्या फळबाजारात संत्रं शोधणं!

एवढ्यात दार ढकलून आनंदराव आत आले. काखेत बकरी!

"जवाईबापू, तीन दिवस झाले, हिनं चाऱ्याले तोंड नाही लावलं!"

"बाबा, इथं कायले आणली?"

"मंग कुठं नेऊ? चारशे अठरा लोकायनं तुमचं मानलं, मी नाही मानू?"

त्यांनी बकरी माझ्या अर्जावर ठेवली. तिनं मान टाकली. ऑटोनं एवढ्या लांब आलेले आनंदराव तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, तो मी नाही होय," मी म्हटलं.

"मंग बोर्डावर फोटो कोणाचा हाय?"

सुमतीताईंनी तोवर जंतांचा लेख उघडून लेखिकेचा फोन नंबर काढला होता. डॉ. प्रीती मेश्राम, जनावरांच्या डॉक्टर. फोन लावला. बाईंनी पाच प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता घेऊन या, वाचेल ती." आनंदराव बकरी उचलून धावलेच.

मी फोनवर बाईंचे आभार मानले, नाव सांगितलं. "उमरेडच्या विणकरांवर लिहिणारे प्रशिक मेश्राम का?" त्या ओरडल्याच. "माग सोडून बकऱ्या पाळणारी घरं मला तुमच्या लेखात सापडली हो! माझ्या पेपरात आधार दिलाय मी!"

सुमतीताईंनी शोधलं. डेटाबेसला ते ठाऊक नव्हतं, तो समाजशास्त्राबाहेर पाहतच नाही. फुकटवाल्याला ठाऊक होतं, चारशे अठराच्या ढिगात! त्यांनी चारशे अठरा खोडलं, 'तीन, पैकी दोन स्वतःची' असं लिहिलं आणि पाचला वीस कमी असताना सही ठोकली.

खोट्या आकड्यावर सही करून मी नऊ वर्षांची नोकरी घालवणार होतो, हे मला घरी जाताना कळलं. बकरी सोमवारी चरायला लागली आणि पुढच्या महिन्यात प्रमोशनही मिळालं. सुमतीताईंचे आणि त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मुलाखतीत तेवढा एकदा घाम फुटला. अध्यक्षांनी अर्ज दोनदा वाचला.

"दोन स्वतःची, असं लिहून देणारा उमेदवार पहिल्यांदाच पाहतोय. शाब्बास!" ते म्हणाले. "म्हणजे बाहेरच्या माणसानं दिलेलं सायटेशन एकच. डॉ. प्रीती मेश्राम."

"हो, सर!" मी छाती फुगवून म्हणालो.

त्यांनी मान वर केली. "मिसेस का?"