ईशानभटांच्या अर्ध्या राहिलेल्या राजधर्माची हकीकत

श्रीशारदेचे चरणीं मस्तक ठेवून, आणि राजवाड्याचे भिंतींस कान असतात हें ध्यानीं धरून, हळूच लिहिलें ऐसें जे: शके चारशें सत्तावन, राक्षसनाम संवत्सरीं, एका राज्यीं ईशानभट म्हणोन थोर पंडित जाहले. त्यांणीं प्रथम नक्षत्रांवर ग्रंथ केला, मग हत्तींचे दुखण्यांवर केला, मग पाकशास्त्रावर केला, आणि ग्रंथ दरबारीं वाचून दाखवावा ऐसा शिरस्ता होता. भटांची रीत ऐसी कीं पहिले दिवशीं पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध पक्षाचें म्हणणें, तें आपलेंच असावें ऐशा जोरानें मांडावें, आणि दुसरे दिवशीं त्याचें खंडन करावें. वांगें अभक्ष्य, हा पूर्वपक्ष ऐसा रंगला कीं ते दिवशीं मुदपाकखान्यांतील वांगीं गुरांपुढें पडलीं, आणि दुसरे दिवशीं खंडन ऐकून महाराजांनीं तींच मागून मागून खादलीं. एवंच भटांवर हुजूरची मर्जी बहुत.

ती मर्जी अमात्य रुद्रसोम यांचे डोळ्यांत सलत होती. अमात्य स्वामिनिष्ठ खरे, परंतु कोणीं नमस्कार केला तर याचें काय काम असावें ऐसें मनीं आणीत, आणि न केला तर माजला म्हणत. मग भटांनीं राजधर्मावर ग्रंथ आरंभिला आणि पहिले दिवशीं वाचिलें कीं राजा नसला तरी राज्य चालतें; पाऊस हुजुरांस पुसून पडत नाहीं, कणीस हुकमानें भरत नाहीं, आणि चोर राजा असतांही चोरी करितोच. महाराजांस उत्तर सुचेना, अमात्यांसही सुचेना. आणि ज्याचें उत्तर आपणांस सुचत नाहीं तें कपट, ऐसा अमात्यांचा जन्माचा हिशेब. मग ते एकांतीं हुजुरांपाशीं जाऊन बोलिले कीं इतकें नेमकें बोलणें पोटांत असल्यावांचून ओठांत येत नाहीं. महाराजांचे मनांतही कली शिरला आणि भट बंदिखान्यांत पडले. महाराज म्हणाले, उद्यां त्यास खंडन करूं द्यावें. अमात्य म्हणाले, मानेवर तरवार असतां तो वाटेल तें खंडन करील, तें भयाचें बोलणें, खरें कैसें मानावें? तेव्हां आज्ञा जाहली, "मग उत्तर तुम्ही आणा. निघालें तर हें शास्त्र आणि भट सुटला. न निघालें तर राजद्रोह."

अमात्यांनीं पुष्कळ डोकें खाजविलें, कांहीं निघेना. शेवटीं हुजुरांपुढें रित्या हातीं जाण्याचे लाजेनें, दुपारचे उन्हांत, पागोटें पुढें ओढून, बंदिखान्यांत गेले आणि भटांसच विचारिते जाहले. भटांनीं अट घातली नाहीं, रागही धरिला नाहीं. म्हणाले, "अमात्य, राज्य चालतें हें खरेंच. पण दोघांचें बिनसलें म्हणजे ज्याचे पायाशीं दोघेही निर्धास्त येऊन बसतात, ऐसा एक कोणी लागतो. तो राजा. हें तुम्ही सांगा. माझें नांव न घेतलें तरी चालेल."

अमात्य बाहेर आले आणि पायरीवरच थबकले. आपण ज्यास कैदेंत घातलें तो आपणांस फुकट तारतो, हें त्यांस पचेना. मनीं म्हणाले, येथें पाणी मुरतें आहे. निर्धास्त म्हणजे काय? प्रजा निर्धास्त नसेल तर तो राजाच नव्हे, ऐसाच याचा अर्थ, आणि तो माझे तोंडून वदवून मलाच सुळावर देणार. ऐसें रचीत घरीं गेले, आणि दुसरे दिवशीं दरबारीं हात जोडून म्हणाले कीं उत्तर नाहीं. शिरच्छेदाचा हुकूम सुटला.

वधस्थानीं भटांनीं मारेकऱ्यास विचारिलें कीं अमात्य कांहीं बोलिले नाहींत काय? तो म्हणाला, नाहीं. भट म्हणाले, "विसरले असतील." आणि मान पुढें केली. मारेकरी कठोर जातीचा, परंतु हें त्यानें आपण होऊन सांगितलें, आणि तें महाराजांचे कानीं गेलें. त्यांणीं अमात्यांस विचारिलें कीं तुम्ही काय विसरलां? अमात्यांनीं भटांचें खंडन जसेंच्या तसें सांगितलें, आणि स्वतःचे तोंडून ऐकतांना त्यांस प्रथमच कळलें कीं त्यांत कपट नव्हतें. महाराज म्हणाले, "खंडन उत्तम होतें. तो आमचे पायाशीं निर्धास्त बसला, आणि राजावांचून चालतें हा त्याचा पूर्वपक्ष आपण दोघांनीं सिद्ध केला."

तात्पर्य, ईशानभटांचे तीन ग्रंथ पुरे आणि चौथा अर्धा. अमात्य पुढें म्हातारे होऊन वारले. राज्यांत कोणाचें कोणाशीं बिनसलें तर लोक पारावर बसून आपसांत मिटवूं लागले, हुजुरांपर्यंत कोणी आलें नाहीं.