बूचकाका आणि मोजणारं यंत्र

बूचकाकांच्या जावयाने सासऱ्याच्याच प्रयोगशाळेत यंत्र आणून बसवलं, तेव्हा दोघांपैकी जास्त अवघडल्यासारखं कोणाला झालं हे सांगणं कठीण आहे. लग्न झाल्यापासून दोघं एकमेकांना इतका मान देत होते की त्यांच्यात बोलणं असं कधी झालंच नव्हतं. "बसा ना." "नाही, आपण बसा." इथपर्यंत गाडी यायची, आणि मग दोघंही उभेच राहायचे.

कारखाना व्हिनेगरचा. काका तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख. टाकीतल्या व्हिनेगरमध्ये आम्ल किती, हे काढायचं त्यांचं काम. चंचुपात्रात मोजून व्हिनेगर घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-चार थेंब टाकायचे आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या उभ्या काचनळीतून, कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडत राहायचं. आम्ल संपलं की द्रावण गुलाबी होतं. नवशिके ते गुलाबाच्या फुलासारखं करून ठेवत. काका मात्र असा फिका गुलाबी गाठत की बाकीच्यांना तो पांढरा कागद खाली धरल्याशिवाय दिसत नसे.

त्यांना बूचकाका म्हणत याचं कारण त्यांच्या ॲप्रनचा खिसा. त्यात नेहमी लाल रबरी बुचं असत, लहान-मोठी. उघडी बाटली दिसली की काकांच्या हाताला चैन पडत नसे. सोड्याची बाटली उघडी राहिली की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पितो आणि अशक्त होतो, हे शास्त्र पक्कं होतं. पण हे शास्त्र काकांनी पुढे इतरांच्या पाण्याच्या बाटल्यांना, डिंकाच्या डबीला आणि एकदा कारखान्याच्या साहेबांच्या शाईच्या दौतीलाही लावलं होतं.

आदल्या दिवशी लेकीने फोन करून त्यांना बजावलं होतं. "बाबा, ही त्यांची नवी नोकरी आहे आणि हे त्यांचं पहिलंच यंत्र. एक दिवसाची चाचणी आहे. यंत्र पसंत पडलं नाही तर यंत्राची कंपनी यांना ठेवणार नाही. तुम्ही उद्या ब्युरेट हातात घ्यायचं नाही आणि यंत्र चुकतंय असं म्हणायचं नाही."

"आणि खरंच चुकलं तर?"

"तरी म्हणायचं नाही. तुम्ही म्हणालात तर सगळ्यांना वाटेल, सासऱ्यांच्या पोटात दुखतंय."

हे काकांना पटलं. खरं सांगायचं तर पोटात थोडं दुखतही होतं. त्यांनी ब्युरेट कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

जावयाने सकाळी यंत्र मांडलं आणि साहेबांना समजावून सांगितलं. सांगताना तो माणूस वेगळाच वाटत होता, शब्दाला शब्द जोडून, न अडखळता बोलत होता. "ही काचेची नळकांडी. आत दट्ट्या आहे. खालची मोटर दट्ट्याला अगदी बारीक बारीक ढकलते, तेवढाच सोडा या टोकातून पात्रात पडतो. खाली चुंबक फिरतं, त्यामुळे पात्रातली कांडी फिरून सगळं ढवळत राहते. हा इलेक्ट्रोड. यंत्र रंग बघत नाही, हा आम्ल किती उरलंय ते सांगतो. आकडा हळूहळू चढतो आणि आम्ल संपलं की एकदम उडी मारतो. ती उडी जिथे, तिथे यंत्र थांबतं. दट्ट्या किती सरकला त्यावरून सोडा किती लागला ते काढतं आणि उत्तर देतं."

"आणि नळकांडी रिकामी झाली की?" साहेबांनी विचारलं.

"दट्ट्या खाली येतो आणि मागच्या बाटलीतून नवीन सोडा ओढून घेतो. माणसाला काही करावं लागत नाही."

माणसाला काही करावं लागत नाही, हे वाक्य काकांना लागलं. सकाळचं पहिलं उत्तर आलं ते व्हिनेगरच्या बाटलीच्या लेबलावर छापलंय तसं, नेमकं. काकांनी मनातल्या मनात मान डोलावली आणि लगेच आपल्याच मनाचा राग धरला.

जावई साहेबांबरोबर चहाला गेला, तेवढ्यात काकांनी यंत्राच्या मागे एक नजर टाकली. सोड्याच्या बाटलीच्या झाकणातून दोन नळ्या बाहेर आल्या होत्या. एक यंत्राकडे गेलेली. दुसरी आखूड, जाड, आत पांढरे खडे भरलेली, आणि तिचं तोंड उघडं.

पोरगं हुशार आहे, पण घाईत आहे, त्यांच्या मनात आलं. सोडा उघडा टाकून चहाला गेलंय. संध्याकाळपर्यंत सोडा अशक्त होईल, आकडे बिघडतील आणि नोकरी जाईल. लेकीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. त्यांनी खिशातून नेमक्या मापाचं लाल बूच काढलं आणि नळीच्या तोंडात घट्ट बसवलं. मदत केली हे सांगायचं नाही, असंही त्यांनी मोठ्या मनाने ठरवलं.

आता ती नळी उघडी होती ती विसरल्यामुळे नव्हे. बाटलीतून सोडा बाहेर गेला की तेवढी हवा आत यावी लागते. ती हवा खड्यांमधून गाळून यावी, वाटेतच तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जावा, म्हणून ती नळी. म्हणजे काकांना जी काळजी होती तीच यंत्र बनवणाऱ्यांनाही होती, फक्त त्यांनी तिच्यावर उपाय करून ठेवला होता. काकांनी उपायाचंच तोंड बंद केलं.

पुढचे एक-दोन नमुने ठीक गेले. मग दट्ट्याला बाटलीतून सोडा ओढणं जड जाऊ लागलं. हवा आत येईना, सोडा पुरता निघेना. नळकांडीत सोड्याबरोबर बुडबुडे साचू लागले. यंत्र बिचारं दट्ट्या मोजतं, बुडबुडे मोजत नाही. दट्ट्या सरकला एवढा, म्हणजे सोडा गेला एवढा, असा त्याचा सरळ हिशेब. प्रत्यक्षात सोडा पडत होता कमी, त्यामुळे दट्ट्याला जास्त सरकावं लागत होतं आणि व्हिनेगर कागदावर जास्त आंबट होत चाललं होतं.

साहेबांनी आकडा पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. "लेबलापेक्षा जास्त? म्हणजे आपण इतके दिवस लोकांना फुकट आंबट वाटतोय?"

"सर, मी एकदा पुन्हा तपासतो," जावई म्हणाला.

"तपासायचं काय? यंत्र आहे ते. तुम्हीच म्हणालात, माणसाला काही करावं लागत नाही." साहेबांनी टाकीवाल्याला फोन लावला. "टाकीत पाणी सोडा. मी सांगेपर्यंत."

जावयाने इलेक्ट्रोड तपासला, तो उत्तम होता. ढवळणी तपासली, तीही उत्तम होती. पाणी घातलेल्या टाकीचा नमुना आला, यंत्राने मोजला. दरम्यान नळकांडीतले बुडबुडे आणखी वाढले होते. उत्तर जवळजवळ पहिल्याइतकंच आलं.

"काय दमदार माल आहे," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "अजून पाणी सोडा."

काका कोपऱ्यात बसून हे बघत होते. नमुन्याच्या बाटलीतून येणारा वास त्यांच्या नाकाला झोंबत नव्हता. इतकी वर्षं झोंबला होता, आज नुसता शेजारून गेला. त्यांना कळलं की हे पाणी आहे. पण जीभ उचलावी तर लेक आठवत होती, आणि कपाटाची किल्ली खिशात बुचांच्या मध्ये टोचत होती.

"काका, तुमचं काय मत?" साहेबांनी विचारलं.

"यंत्र छान आहे," काका म्हणाले.

आणखी एकदा पाणी गेलं. मग टाकीवाल्याचाच फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"साहेब, टाकी काठोकाठ भरलीय. आता पाणी घालायला जागा नाही. आणि एक विचारू का?"

"विचारा."

"मघाशी हातावर उडालं ते मी चाखून बघितलं. आपण काय बनवतोय?"

जावई वाकून नळकांडीला नाक लावून बघू लागला, आणि काचेच्या आत वर चढलेला हवेचा मोठा बुडबुडा त्याला दिसला. तिथून त्याने नळी धरली आणि बोटाने तिच्या मागे मागे जात यंत्राच्या पाठीशी पोचला. क्षणभर तो तिथेच थांबला. मग फुस्स असा लांबलचक आवाज झाला.

जावई उठला तेव्हा त्याची मूठ बंद होती. त्याने काकांकडे पाहिलं, ॲप्रनच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं, आणि मूठ हळूच आपल्या खिशात घातली.

"सर, चूक माझी आहे," तो साहेबांना म्हणाला. "बाटलीत हवा जात नव्हती. मी मागे बघायला हवं होतं. चहानंतरचे सगळे आकडे खोटे आहेत."

काकांना खुर्चीत बसवेना. आपल्या मुलाने केलं असतं तसं या पोराने केलं होतं, तेही नोकरी जात असताना, आणि आपण कोपऱ्यात मूग गिळून बसलो आहोत, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"बूच मी लावलं," ते उठून म्हणाले. "त्यांनी खिशात टाकलंय ते माझं आहे. उघडी नळी दिसली, मला राहवलं नाही. यंत्राचा दोष नाही, जावयाचा तर अजिबात नाही."

"बाबा, आपण कशाला..."

"थांबा हो जावईबापू." काकांनी कपाट उघडलं, ब्युरेट काढलं आणि सोडा भरला. जावयाने नळकांडी धुऊन घेतली आणि नवा नमुना लावला. दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून एकाच वेळी मोजलं. काकांचा फिका गुलाबी आला तेव्हाच यंत्राची उडी आली. दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळली. टाकीतल्या व्हिनेगरचा आंबटपणा निम्म्यावर आला होता.

"यातलं थोडं बाहेर काढून शेजारच्या टाकीतला कडक माल मिसळला की होईल सगळं ठीक," काका म्हणाले. "किती मिसळायचा ते आम्ही दोघं काढून देतो. पण चाचणी फसली ती माझ्यामुळे, असं तुम्ही कारखान्याच्या मालकांना लिहा. मी सही करतो."

साहेब विचारात पडले. ते खिडकीपाशी गेले आणि परत आले.

"यंत्र परत पाठवायचं म्हणजे मालकांना कारण द्यावं लागणार," ते सावकाश म्हणाले. "कारण दिलं की बूच येणार. बूच आलं की पाणी येणार. आणि पाणी आलं की..."

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पाणी कोणाच्या हुकमाने आलं हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं आणि टाकीवाल्यालाही.

"आणि ठेवून घेतलं तर?" काकांनी साळसूदपणे विचारलं.

"पसंत पडलेल्या वस्तूबद्दल कोणी काही विचारत नाही." साहेबांनी घसा खाकरला. "यंत्र अतिशय उत्तम आहे. आपण घेतलं. यांनी महिनाभर रोज इथे येऊन तुम्हाला शिकवावं, एवढीच माझी अट."

साहेब गेल्यावर जावयाने बाटली पुन्हा मांडली. पांढऱ्या खड्यांची नळी नीट बसवली. मग वळून पाहतो तर काकांचा हात, आपोआपच, खिशाकडे निघालेला.

"बाबा, तो हात बाहेर ठेवा," जावई म्हणाला. "या नळीजवळ फिरकायचं नाही. उघडी दिसली तर दिसू द्या. एवढे शिकलेले तुम्ही, विचारायचं तरी एकदा. काय घाबरवलंत मला आज."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो गोरामोरा झाला. काकांनी मात्र हात मुकाट्याने बाहेर काढला.

संध्याकाळी काका घरी गेले ते शीळ घालत. काकूंनी भाजी चिरता चिरता वर पाहिलं.

"जावई मला आज रागावला," काका म्हणाले. "चांगला खडसावला. शेवटी पोरगा घरचा झाला बघ."

काकूंनी सुरी खाली ठेवली. "मी इतकी वर्षं रागावतेय," त्या म्हणाल्या, "तेव्हा नाही कधी तुमचा चेहरा असा फुलला."