पाच मिनिटं गप्प बसण्याचा नियम

आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना बीपी नाहीच, नुसती मोजायची पद्धत चुकतेय, आणि हे मी तीन महिन्यांत सिद्ध करून दाखवीन, असं मी तालुक्याच्या प्रशिक्षणात चाळीस जणांसमोर उभं राहून सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या. आता ते आठवलं की कान गरम होतात.

मी मर्सी, केडगावची. हुद्दा समुदाय आरोग्य अधिकारी. म्हणजे गावातल्या छोट्या सरकारी दवाखान्यात बसून बीपी-शुगर बघायची, गोळ्या द्यायच्या आणि मोठ्या डॉक्टरांना फोनवर पेशंट दाखवायचा. गाव घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडं. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्यापासून मला तिथं कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही.

त्या प्रशिक्षणात बीपी मोजण्याच्या नवीन मार्गदर्शक सूचना दिल्या. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवीन, पट्टा बांधायचा आणि बटण दाबायचं. तसं नाही. पेशंटने आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही, मिश्री नाही. मोजताना पेशंटने बोलायचं नाही आणि मोजणाऱ्यानेही तोंड उघडायचं नाही. बोललं की आकडा दहा-पंधराने उगाच वर जातो. मग नसलेल्या आजाराच्या गोळ्या सुरू होतात.

माझी आई ग्लॅडिस तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिने परिपत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं. "पाच मिनिटं गप्प? आपली माणसं? मी तर जन्मभर पट्टा बांधता बांधता आज भाजी काय केली ते विचारत आले."

"म्हणूनच तुझ्या पेशंटांचं बीपी कायम वाढलेलं," मी म्हणाले. त्यानंतर दोन दिवस मला डबा मिळाला नाही.

पण मी हटले नाही. दवाखान्याची सामानाची खोली रिकामी केली, दारावर 'शांतता' अशी पाटी लावली. पाठ टेकता येईल अशी खुर्ची नव्हती, तेव्हा शाळेत पडून असलेला पाठीचा लाकडी बाक उचलून आणला. दोन माणसं मावतील एवढा. गर्दी होऊ नये म्हणून घर क्रमांकाप्रमाणे बुधवारी दोघादोघांना बोलवायचं ठरवलं.

पहिल्या बुधवारी कळलं की गावाला उपाशी ठेवता येईल, गप्प ठेवता येणार नाही. कस्तुराबाई बाकावर मांडी घालून बसल्या. पाय खाली सोडा म्हटलं तर म्हणाल्या, "आन् मनात काय म्हणायचं, मॅडम?"

"काही नाही म्हणायचं."

"कायच न्हाई? मग पाच मिन्टं करायचं काय?" असं म्हणून त्यांनी मला सुनेची हकिकत सांगायला घेतली. पाच मिनिटं संपली तेव्हा सून अजून माहेरीच होती. दुसऱ्याचा फोन वाजला, तिसऱ्याने गालात तंबाखू धरली होती. दुपारपर्यंत एकाचंही माप नियमात बसलं नव्हतं.

आणि मग आले हौसरावआबा आणि गोकुळआप्पा. सख्खे भाऊ, घरं शेजारी शेजारी. आबा बहात्तरचे, आप्पा चार-पाच वर्षांनी लहान. दोघे बाकाच्या दोन टोकांना टेकून बसले, पाय जमिनीवर, नजर समोर. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. कुणी साधा खाकरलाही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं होतं. मी हळूच फोटो काढला आणि 'आदर्श रुग्ण' असं लिहून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. आमच्या वरिष्ठ अनुपमा मॅडमचा लगेच निरोप आला: 'सुंदर. मी स्वतः बघायला येते.'

एकच गडबड होती. आबांचा आकडा १८८ आला. आप्पांचाही १७०च्या वर.

आप्पांचं पुढं बघता येणार होतं. आबांचं तसं नव्हतं. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूनं कायमचा गेलेला, आणि डाव्यात मोतीबिंदू पुरता पिकलेला. तीन आठवड्यांनी गुरुवारी दौंडला शस्त्रक्रियेचं शिबिर होतं. बीपी १६०च्या आत असल्याचा कागद असेल तरच तिथं घेणार होते. पुढचं शिबिर थेट दिवाळीनंतर. तोवर आबा ऊस बघायला एकटेच चाचपडत जाणार, कारण घरात बसून राहणं त्यांना ठाऊक नाही. आणि आमच्याकडच्या उसात बिबट्या असतो. तो समोर येऊन बसला तरी आबांनी वासरू समजून हाक मारली असती.

दुसऱ्या बुधवारी पुन्हा तोच बाक, तीच आदर्श शांतता, आणि आबांचा आकडा १९२. सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय, दोन भेटींत बीपी वाढलेलं आढळलं तर उपचार वाढवावेत. मी फोनवर डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, "पाच मिनिटं शांत होते ना?"

"सर, तुम्ही इतके शांत पेशंट आयुष्यात बघितले नसतील," मी म्हणाले.

त्यांनी आबांच्या रोजच्या एका गोळीच्या दोन केल्या. मी डबीवर मोठ्या अक्षरात दोन लिहिलं आणि समाधानाने घरी गेले.

शिबिराच्या आधीच्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला गोकुळआप्पा दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याला म्हणाले, "भायेर एक पेशंट हाय. बांधावर डोकं धरून बसला हुता."

"कोण?"

"बघा तुमीच."

बाहेर मोटारसायकलवर मागच्या सीटला हौसरावआबा घट्ट धरून बसले होते. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. आत आणून आडवं केलं, पट्टा बांधला. ९६ वर ५८. मी दुसरं यंत्र आणलं. त्यावरही तेवढंच.

 ज्या माणसाचं बीपी खाली आणायला मी गोळी वाढवली, त्याचं बीपी आधीच्या एका गोळीवर ठीकच होतं. एकटे उसाच्या कडेला पडले असते तर? मी आबांचे पाय उशीवर घेतले, साखर-मिठाचं पाणी पाजलं आणि डॉक्टरांना फोन लावला. गोळी परत एक झाली.

आबांना जरा बरं वाटल्यावर मी आप्पांना विचारलं, "त्यांना गाडीवर कसं बसवलंत?"

"गाडी शेजारी लावली आन् हॉर्न वाजवला. तीन येळा. आंधळा झालाय, भैरा न्हाई."

हे बोलणं मला विचित्र वाटलं, पण अर्थ लागला तो दुपारी. आमच्या आशा सेविका गिताबाई लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर भांडगावला होत्या, त्या त्याच दिवशी परत आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि फोटो दाखवला. त्यांनी फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"मॅडम, तुमी ह्या दोघास्नी एका बाकावर बसिवलं?"

"का? किती शांत बसलेत."

"आवो, नऊ वर्सं बोलत न्हाईत ते एकमेकांशी. गोकुळआप्पाच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत आबांचं नाव मामाच्या खाली छापलं. थोरल्या चुलत्याचं नाव मामाच्या खाली! त्या दिवसापासून अबोला. एकाला दुसऱ्याला काय सांगायचं असलं तर मधी माणूस लागतो. कवा मी, कवा आबांची मालकीण, आन् कुणीच नसलं तर बैलाला सांगत्यात."

माझा आदर्श फोटो माझ्याकडं बघत होता. आता दिसलं की आबांची मूठ वळलेली आहे.

ठरवलं, शेवटच्या बुधवारी दोघांना वेगवेगळं बोलवायचं. आबांना दहाला, आप्पांना बाराला. पण आबांना चक्कर आल्यापासून आप्पांनी एक नवी पद्धत सुरू केली होती. आबांच्या दारात जायचं आणि हॉर्न वाजवायचा. बुधवारी दहाला दोघे एकाच गाडीवरून हजर. आणि त्यांच्या मागोमाग तालुक्याची जीप.

अनुपमा मॅडम आत आल्या, फोटो आठवून हसल्या. "हेच ना ते दोघे? बसा, बसा." मी तोंड उघडायच्या आत त्यांनी स्वतःच्या हाताने दोघांना बाकावर बसवलं, घड्याळ लावलं आणि मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. नियम माझाच होता. मी गप्प.

पाच मिनिटांनी आबांचा आकडा १८०. शिबिराची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुटणार होती.

सूचनांप्रमाणे मिनिटभराने पुन्हा मोजायचं असतं. तेवढ्यात आबा मला म्हणाले, "मॅडम, त्येला सांगा, पाय हालवू नगं. बाक हालतोय."

मी अनुपमा मॅडमकडं बघितलं. त्यांचं बोट अजून ओठांवर. मोजणाऱ्याने बोलायचं नाही. मी खाली मान घातली. गिताबाई दाराबाहेर, बैल घरी. निरोप तसाच मध्ये लटकत राहिला.

आबांनी जरा वाट बघितली. मग समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "पाय हालवू नगं म्हणतो."

"माझा पाय न्हाई हालत, दादा," आप्पा म्हणाले. "तुझा हात कापतोय."

अनुपमा मॅडम 'शूऽ' म्हणायला पुढं झाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांचा हात धरला, आणि घट्ट धरला.

"कापंल न्हाई तर काय," आबा म्हणाले. "नऊ वर्सं झाली. भावाचं नाव मामाच्या खाली."

"पत्रिका छापायच्या आदी तुला दावली हुती मी. शिरूरवरनं नमुना आणून तुझ्या हातात दिला. बघ म्हणलं. तू व्हय म्हणलास."

आबांनी रिकामा तळहात डोळ्यांजवळ धरला, जणू पत्रिका अजून हातातच होती.

"दिसलं न्हाई मला," ते म्हणाले. "तवापासनंच कमी दिसतंय. माणसं बसली हुती ओट्यावर. त्यांच्या म्होरं कसं सांगू, मला वाचता येईना म्हणून?"

"आन् मला नऊ वर्सं शिव्या."

"शिव्या कुठं? बोललोच न्हाई की मी."

"त्याच शिव्या."

 मग दोघांनी उणीदुणी काढली. आजारपणात न आल्याची, दिवाळीचा फराळ परत पाठवल्याची, विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीची. अनुपमा मॅडमनी घड्याळ बंद करून पिशवीत टाकलं. दहा मिनिटांनी दोघे दमले आणि आपोआप गप्प झाले. आप्पांनी आबांचं घसरलेलं उपरणं नीट केलं. मी पुन्हा पाच मिनिटं लावली.

१४८. परत मोजलं, १४४.

मी कागदावर आकडा लिहिला आणि खाली शिक्का मारला. गुरुवारी सातच्या गाडीत आबांच्या शेजारी आप्पा बसले, आणि दौंडला आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

त्यानंतरच्या बुधवारी दोघे तपासणीला आले. आबांना काळा चष्मा. मी त्यांना बाकावर बसवलं आणि आधी आप्पांच्या दंडाला पट्टा बांधला, कारण त्यांचा १७०चा आकडा अजून तपासायचा राहिला होता. घड्याळ लावलं. आबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि भावाकडं बघत राहिले. केसांकडं, गालांकडं, पडलेल्या दातांकडं.

"गोकुळ," ते म्हणाले, "लई म्हातारा झालास रं."

 आप्पांनी तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले. यंत्राने १७४ दाखवलं. मी तो आकडा लिहिला नाही. पट्टा सोडला आणि बाहेर जाऊन उगाच गोळ्यांची कपाटं लावत बसले.

संध्याकाळी तालुक्याहून अनुपमा मॅडमचा फोन. "मर्सी, एक माप रिकामं दिसतंय. गोकुळ नावाचे पेशंट."

"मॅडम, ते बोलत होते," मी म्हणाले. थोडं खोटंच होतं.

"मग गप्प बसवायचं ना. नियम तुझाच होता."

नऊ वर्षं गप्पच होते की मॅडम, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण वरिष्ठ त्या वरिष्ठ. "पुढच्या बुधवारी मोजते," म्हटलं आणि फोन ठेवला.